आंबेदऱ्याची गाडी

शरच्चंद्र: …आणि दुसऱ्या भागाला ‘हे खरे नाही.’ पूर्णविराम. लिहिलंस?

पायल: नाही लिहिलं.

शरच्चंद्र: का बरं? मंत्री नागपूरला सभागृहात उभे राहणार, हातात आपला कागद. चारच्या आत तो मेलवर गेला नाही, तर तिथे काय गाणं म्हणतील ते?

पायल: सर, मला जॉइन होऊन दोनच महिने झालेत. एकदा नीट समजून घेऊ द्या ना. आमदारांनी विचारलंय, आंबेदऱ्याच्या आरोग्य केंद्रात रुग्णवाहिका नव्हती म्हणून बाळंतपणात एक मुलगी गेली, हे खरे आहे काय. हा पहिला भाग. दुसरा, घरच्यांनी आपल्या जिल्हा आरोग्य ऑफिसला फोन केला तेव्हा इथून कुणीतरी ‘गाडी आहे’ असं सांगितलं, हे खरे आहे काय. आणि तिसरा, असल्यास चौकशी केली का, त्यात काय सापडलं. बरोबर?

शरच्चंद्र: बरोबर. दुसऱ्याला नाही म्हटलं की तिसरा आपला आपण विझतो. एकतीस वर्षं याच खुर्चीत बसून मी अशी उत्तरं विझवत आलोय. या महिन्याच्या एकतीस तारखेला सुटेन. त्यानंतर तुम्ही काय हवे ते दिवे लावा, गायकवाड मॅडम.

पायल: आणि पहिल्या भागात ‘रुग्णवाहिका उपलब्ध आहे’ असं सांगितलंत. ते कशावरून?

शरच्चंद्र: सहा वर्षांपूर्वीच्या उत्तरावरून. तेव्हाही आंबेदऱ्याचाच प्रश्न होता. सभागृहात एकदा सांगितलं ते सांगितलं. आज वेगळं म्हणालो तर पुढचा प्रश्न येतो, मग तेव्हा कोण खोटं बोललं? म्हणून जुनी फाइल काढायची, तेच वाक्य उचलायचं, तारीख तेवढी बदलायची.

पायल: मी काल आंबेदऱ्याला जाऊन आले.

शरच्चंद्र: कुणी सांगितलं होतं जायला?

पायल: कुणीच नाही. सुट्टी टाकली होती. विश्रांतवाडीहून स्कूटीवर सव्वा तास. गाडी आहे तिथे, सर. केंद्राच्या मागे, चार विटांवर. चाकं नाहीत. स्ट्रेचरवर एक कोंबडी अंडी उबवत बसलीये. मागच्या दारातून घोसाळ्याचा वेल आत गेलाय आणि पुढच्या काचेतून बाहेर आलाय.

शरच्चंद्र: म्हणजे आहे.

पायल: सर.

शरच्चंद्र: तेव्हाच्या साहेबांनी मला हेच विचारलं होतं. ‘केतकर, गाडी आहे की नाही?’ मी म्हटलं, आहे, पण ड्रायव्हरची जागा रिकामी आहे, टायर… ते म्हणाले, ‘मी टायरचं विचारलं नाही.’ मग मी लिहिलं, उपलब्ध आहे.

पायल: त्यानंतर त्या केंद्राच्या डॉक्टरांनी तीनदा नवीन गाडी मागितली. तिन्ही मागण्या इथून परत गेल्या. शेरा एकच: ‘रुग्णवाहिका उपलब्ध असल्याचे सभागृहास कळवलेले आहे, सबब मागणी अमान्य.’ अक्षर तुमचं आहे.

शरच्चंद्र: अक्षर बरं आहे माझं. शाळेत बक्षीस होतं. …तो फोन घे बघू आधी.

पायल: कुठला फोन?

शरच्चंद्र: तो काय, खिडकीतला. किती वेळ वाजतोय.

पायल: सर, ती लाइन बंद आहे. मी आले तेव्हापासून बंदच आहे. वायर तर गुंडाळून ठेवलीये खाली.

शरच्चंद्र: हो का? मग कपाटात टाक तो. उगाच जागा अडवतो.

पायल: तुम्हाला बरं वाटतंय ना? चहा सांगू?

शरच्चंद्र: नको. टाइप कर. ‘सदर दूरध्वनीची कोणतीही नोंद या कार्यालयात आढळून येत नाही, सबब हे खरे नाही.’

पायल: नोंद नाही म्हणजे फोन आला नाही, असं होतं का? मी त्या मुलीच्या आईला जबाबासाठी बोलावलंय.

शरच्चंद्र: कुठे बोलावलंयस?

पायल: इथे. बाहेर बाकावर बसल्यात, अकरा वाजल्यापासून.

शरच्चंद्र: पायल, उत्तरं फायलीतून करतात गं. माणसं बोलावून कुणी करत नाही. मी या कार्यालयात आजवर… तिला परत पाठव. सांग, साहेब दौऱ्यावर आहेत.

पायल: तीन महिन्यांची नात शेजारणीकडे ठेवून, दोन एसट्या बदलून आल्यात त्या. मी नाही असं सांगणार. मुक्ताबाई, या आत. चपला राहू द्या हो पायात. बसा. हे केतकर सर, आमचे सीनियर. मी पायल, काल आले होते घरी.

मुक्ताबाई: बसते, बाई. नमस्कार, साहेब.

पायल: सर? …सरांचा घसा बसलाय वाटतं. तुम्ही मला सांगा. त्या दिवशी सकाळपासून काय काय झालं, तसंच्या तसं. मी लिहून घेते.

मुक्ताबाई: सकाळपासनं सांगू का आदीपासनं? आदीपासनंच सांगते. माझी नमू वाघोलीला दिलेली. तिकडं दवाखानं पन्नास. जावाई म्हनलं, हितंच करू बाळंतपन. मी म्हनलं, पयलं बाळंतपन म्हायेरीच व्हतं, माझ्या आईनं माझं केलं, मी माझ्या लेकीचं करनार. लई भांडले मी त्यास्नी. आनि आमच्या केंद्राच्या भिंतीवर लिवलंय की, लाल अक्षरात, गाडी हाय, खाली ह्या हापिसचा नंबर. मी जावायाला तिथं नेऊन, बोट लावून दावलं.

पायल: मग त्या दिवशी?

मुक्ताबाई: भाद्रपद सरत आला व्हता. धाच्या सुमाराला नमूला कळा लागल्या, आनि रगत जायाला लागलं. नर्सबाई म्हनली, हे माझ्या हातचं न्हाई, खाली शहरात न्या. दारात दुधाचा टेम्पो उबा व्हता. सदा टेम्पोवाला म्हनला, मुक्ताई, कॅन उतरवतो, घाला हिला मागं, तासाभरात नेतो. मी म्हनलं, थांब रे, आदी सरकारी गाडीचं बगू, तिच्यात पाठ टेकायला जागा असती, हवेची टाकी असती. केंद्रातनंच फोन लावला.

पायल: फोन कुणी उचलला?

मुक्ताबाई: नाव इचारायचं कुनाला सुचतंय? म्हातारा मानूस व्हता. लई गोड बोलला. हापिसातली मानसं खेकसत्यात, तसं न्हाई. मला ‘ताई’ म्हनला. मी रडत व्हते तर म्हनला, आदी श्वास घ्या. मंग म्हनला, थांबा, बगतो. कागदाचा आवाज आला. मंग म्हनला, ‘ताई, काळजी करू नका, गाडी तुमच्याकडेच आहे. निघेल एवढ्यात.’

पायल: तुमच्याकडेच आहे.

मुक्ताबाई: व्हय. मला वाटलं, रस्त्यात आसंल, आमच्याकडंच येत आसंल. मी सदाला म्हनलं, जा रं तू, दूध नासंल. गेला त्यो. नमूनं माझ्या मांडीवर डोकं ठिवलं. दर येळंला इचारायची, आये, आली का? मी म्हनायची, धुरळा दिसतोय बग. दिसत न्हवता. बारा वाजता सदाच रिकामे कॅन घेऊन माघारी आला. मंग त्याच टेम्पोत घातली. लोहगावच्या अलीकडं तिचा हात गार लागला. पोरगी शहरातल्या दवाखान्यात काडली त्यांनी, ती हाय. आता तिला झोपवताना काय म्हनू, ओव्याबी सगळ्या त्याच वाटंनं जात्यात.

   वाटंला लावलं डोळं, वाट धुरळ्याची झाली,
   मांडीव माझी लेक, तिची सावली गार आली.

पोरगी हुंकार देती. तिला वाटतं, आजी गानं म्हनती.

पायल: मुक्ताबाई, हळू. अहो, कुठे उठताय?

मुक्ताबाई: काय न्हाई, जरा डोळ्यांम्होरं अंधारी आली…

शरच्चंद्र: बसा, ताई. आधी श्वास घ्या. पाणी घ्या.

(बाहेर शिपाई बाक सरकवतो.)

मुक्ताबाई: पुन्ना म्हना.

पायल: काय झालं?

मुक्ताबाई: साहेब, पुन्ना म्हना. ताई म्हना.

शरच्चंद्र: …ताई.

मुक्ताबाई: व्हय. ह्योच.

पायल: सर, तुम्ही होतात?

शरच्चंद्र: मीच होतो. सव्वा दहा झाले होते. बाकीचं कुणी आलं नव्हतं, म्हणून मी उचलला. फाइल टेबलावरच होती. उघडली. ‘आंबेदरा, रुग्णवाहिका, उपलब्ध.’ माझंच अक्षर.

पायल: पण तुम्हाला तर माहीत होतं. टायर, ड्रायव्हर, तुम्हीच आत्ता मला सांगितलंत.

शरच्चंद्र: पहिल्या वर्षी माहीत होतं. मग दुसरं उत्तर गेलं, तिसरं गेलं, अहवाल गेले, तक्ते गेले. दर वेळी टाइप करायचो, गाडी आहे. हळूहळू मला ती दिसायला लागली, पायल. पांढरी, बाजूला लाल पट्टा, धुतलेली. या ताई फोनवर रडत होत्या तेव्हा ती माझ्या डोळ्यांसमोर उभी होती. मी खोटं बोललो नाही त्यांच्याशी. तेच तर आहे. मी लिहिलेलं मीच वाचलं आणि मलाच खरं वाटलं.

मुक्ताबाई: मला वाटायचं, कुनी टवाळ मानूस आसंल. हसत आसंल पलीकडं. लई शिव्या दिल्या मी त्याला, रोज. घरात बसून.

शरच्चंद्र: दुपारी तुमच्या केंद्राचा निरोप आला, तेव्हा कळलं. मी रजिस्टर काढलं आणि त्या दिवसाचं पान नव्यानं लिहिलं. तुमचा फोन वगळून. अक्षर हललंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी कनेक्शन काढायचा अर्ज केला. तरी तो वाजतो, ताई. घरी बाजीराव रोडला सुद्धा वाजतो. बायको म्हणते, कान तपासून घ्या.

मुक्ताबाई: माझ्यात टेम्पो वाजतो. गियर टाकून जातोय त्यो, आनि मीच हात करतीय, जा जा. फोनवर तुमी बोललासा, साहेब, पर टेम्पो म्या लावून दिला.

शरच्चंद्र: माझ्या शब्दावर लावून दिलात. ते माझ्या बाजूला राहू द्या. पायल, खोड ते.

पायल: काय खोडू?

शरच्चंद्र: सगळंच. नवीन घे. भाग एक. ‘होय, हे खरे आहे. आंबेदरा केंद्रातील रुग्णवाहिका सहा वर्षांपासून बंद आहे. यापूर्वी सभागृहास दिलेली माहिती चुकीची होती.’ भाग दोन. ‘होय, हे खरे आहे.’

पायल: सर, थांबा. तिसरा भाग आहे. चौकशी. तुमच्यावर बसेल ती. रजिस्टरचं पान बदललंत हे कळलं तर साधी खातेचौकशी नाही राहणार. वीस दिवस राहिलेत तुमचे.

शरच्चंद्र: म्हणून तर आज सांगतोय. वीस दिवसांनी सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, केतकरांना निवृत्तीनंतर उपरती झाली. सदाशिव पेठेत त्याला उद्योग नसणं म्हणतात.

पायल: मोठे साहेब यावर सही करणार नाहीत.

शरच्चंद्र: करतील. माझा लेखी जबाब सोबत जोड, मूळ पान जोड. ते फाडलं होतं, टाकलं नव्हतं. माझ्या पिशवीत डब्याखाली आहे, रोज घेऊन येतो, रोज घेऊन जातो. ते जोडलेलं असताना ‘हे खरे नाही’ यावर सही करायला माणूस धीराचा लागतो. आपले साहेब तेवढे धीराचे नाहीत.

पायल: मी लिहिते. पण अक्षर वेडंवाकडं येतंय माझं.

शरच्चंद्र: येऊ दे. माझं सरळ आलं, त्याचं काय झालं ते ऐकलंस ना?

मुक्ताबाई: ह्ये तुमी लिवलेलं तिकडं वाचत्यात का? समद्यांम्होरं?

पायल: मंत्री वाचतात. किंवा वेळ नसेल तर नुसतं छापून ठेवतात. पण छापलेलं राहतं.

मुक्ताबाई: माझी नमू त्यात आसंल?

पायल: ‘सदर महिला’ असं लिहायची पद्धत आहे, मुक्ताबाई. पण मी जबाबात नाव घातलंय. नम्रता. जबाबसुद्धा जातोच सोबत.

मुक्ताबाई: बरं. मला वाचता येत न्हाई, नातीला यील. आंगठा कुटं करू?

पायल: इथे. जरा दाबून. हं, झालं. तीन चाळीसला शिवाजीनगरहून एसटी आहे, शिपाई सोडेल तुम्हाला स्टँडवर.

मुक्ताबाई: जाते. साहेब, एक इचारायचं ऱ्हायलं. आमच्या शेजारची पारूबाई, तिची लेक आलीय म्हायेरी. पयलंच हाय. आठवा लागंल आता. माझी नात तिच्याकडंच ठिवून आले मी. ती पोरगी मला रोज इचारती, मावशे, माझ्या येळंला गाडी यील का गं? मी काय सांगू तिला?

पायल: मुक्ताबाई, आता हे उत्तर गेलं की नवीन गाडीचा प्रस्ताव पुढे सरकेल, मी स्वतः पाठपुरावा…

शरच्चंद्र: थांब, पायल. ताई, गाडी नाही. कधी येईल ते मला माहीत नाही. तिला सांगा, वाट बघू नकोस. दिवस भरायच्या आधीच तिला खाली शहरात आणून ठेवा, कुणाकडेही.

मुक्ताबाई: एवढंच तुमी म्हनायचं व्हतं, साहेब, त्या दिवशी.