हॉबर्टच्या गाण्यातली बाई

रँडल : ...आणि मग पडद्यावर बाबांचा फोटो आला, आई! खाली नाव, हॉबर्ट प्रूइट, टेनेसी. मागे त्यांचं गाणं. मी तर रडलोच.

ओलीटा : सोफ्यावर बसून?

रँडल : म्हणजे?

ओलीटा : काही नाही. रडायला बरी जागा आहे. बाबा ट्रकमधून शाळेत सोडायचे तेव्हा अलीकडच्या पेट्रोल पंपापाशीच उतरायचास. का, तर बाबांची रेडिओवरची गावरान गाणी, तुझ्या भाषेत ‘खेचरं रडतायत’, मित्रांना ऐकू जातील.

रँडल : पोरवय होतं गं.

ओलीटा : आणि त्यांच्या अंत्यविधीला? पियानोवाला आणलास थेट शार्लट शहरातून. गिटार म्हणे बरी दिसत नाही. तेव्हा तर तुझे केस पिकले होते.

रँडल : तेव्हा कळतच नव्हतं मला. टीव्हीवरचे हे कार्यक्रम बघायला लागलो आणि डोळे उघडले. या गाण्यांत आपली माती आहे, आई. घाम आहे...

ओलीटा : घाम! त्या चकचकीत दातांच्या निवेदकानं सांगितलं ना? ऑगस्टात एक दिवस तंबाखू तोडायला न्या रे त्याला कुणीतरी. मध्येच थांबून चॅनेलसाठी देणग्या मागतो, की पुन्हा घाम सुरू. आणि ही टोपी कुठली? अजून दुकानाचा वास मारतेय.

रँडल : काउबॉय टोपी आहे. सगळे गायक घालतात.

ओलीटा : तुझे बाबा खतवाल्यानं फुकट दिलेली टोपी घालायचे जन्मभर. या डोंगरात गुरांमागे घोडा दौडवताना पाहिलायस कुणाला?

रँडल : बरं, हस. पण काल माळ्यावरून बाबांच्या रेकॉर्डची पेटी काढली ना, तिच्या तळाशी काय होतं माहितीय? एक जड तबकडी. ना कव्हर, ना नाव. लावली, तर टीव्हीवर वाजलं तेच गाणं! पण व्हायोलिनं नाहीत, कोरस नाही. नुसती गिटार, बाबा, आणि त्यांच्या जोडीला एक बाई.

ओलीटा : कुणी सांगितलं होतं हात लावायला?

रँडल : अगं, जगात एकच असेल ती. पूर्वी स्टुडिओत गायकाला घरी ऐकायला म्हणून एक तबकडी तिथल्या तिथे कोरून द्यायचे. कार्यक्रमातच सांगितलं.

ओलीटा : हो का? बरं झालं बाई सांगितलं. आम्हाला कुठलं ठाऊक असायला.

रँडल : त्या चॅनेलच्या माणसाला फोनवरच ऐकवली. वेडा झाला तो! उद्या घ्यायला येतोय. पुढच्या कार्यक्रमात बाबांना सात मिनिटं, आई. शेवटी आभारात माझंही नाव. फक्त ती बाई काढून टाकणार.

ओलीटा : काय करणार?

रँडल : आता यंत्रानं आवाज वेगळे करता येतात. तो म्हणाला, हॉबर्ट म्हणजे सोनं आहे, पण सोबतची फारच गावठी, नाकातून गाते. तिच्या जागी आत्ताची कुणी नावाजलेली घालू.

ओलीटा : नाकातून.

रँडल : मलाही आधी तसंच वाटलं.

ओलीटा : साठ वर्षं झाली, त्या लोकांचं डोकं तसूभर पुढे सरकलं नाही. तेव्हाचाही असलाच होता, नॅशव्हिलच्या रेकॉर्ड कंपनीचा, टायवाला. तोंडावर म्हणाला, छान झालं, पोरी. ही तबकडी हातात दिली. आम्ही रस्ताभर हसत आलो. पुढे दुकानात रेकॉर्ड आली, तर बाईचा पत्ता नाही. ढीगभर व्हायोलिनं, आणि कोरस असा, की सगळे आत्ताच आंघोळ करून पावडर लावून उभे राहिलेत.

रँडल : ‘पोरी’ कुणाला म्हणाला?

ओलीटा : घेवडा लागतोय खाली. गॅस बारीक कर.

रँडल : आई. कुणाला म्हणाला?

ओलीटा : चर्चमध्ये माझ्या शेजारी उभा राहतोस. कधी ऐकलायस माझा आवाज?

रँडल : नाही. तू नुसते ओठ हलवतेस. मला वाटायचं, तुला गाता येत नाही.

ओलीटा : वाटणारच. फार लागलं होतं रे मला. तुझे बाबा त्या दारात गिटार घेऊन उभे राहायचे, ‘एकदा तरी गा’ म्हणायचे. मी नळ सोडायचे.

रँडल : आणि मी त्या माणसाला हो म्हणून बसलो.

ओलीटा : म्हणणारच. बाबांना सात मिनिटं, तुला नाव. टोपीसुद्धा घेऊन झालीय.

(रँडल फोन लावतो.)

रँडल : हॅलो... हो, मीच. उद्या येऊ नका... तबकडी आहे हो, पण बाई काढायची नाही... नाही, नावाजलेली नको. हीच... मग बाबाही नाही मिळणार तुम्हाला... कोण म्हणजे? माझी आई आहे ती.

ओलीटा : काय म्हणाला?

रँडल : बाबांची सात मिनिटं गेली.

ओलीटा : जाऊ देत. घामाबद्दल बोलून भरून काढील तो.

रँडल : आई, एक सांगू? टीव्हीवरच्या गाण्यात बाबा कडव्याच्या शेवटी उगाचच थांबतात असं वाटलं. चुकले असतील, म्हटलं. काल तबकडीवर कळलं. ते त्या बाईची वाट बघतात. ती आली की मगच पुढे जातात.

ओलीटा : तुला ऐकू आलं ते?

रँडल : आलं.

ओलीटा : म्हणजे अगदीच दगड नाहीस.

रँडल : लावू?

ओलीटा : सुई हळू ठेव. आणि ती टोपी काढ.