दहा-वीस-तीसचं पुस्तक

नाय, नाय, हे न्हवं शेट, हे ठेवा परत. असलं जाडं नको म्हनून मगाशीच सांगितलं ना? हे उशाला घेतलं तर मान मोडंल मानसाची. यात समदं हाय म्हनता — अवो, पयल्याच दिशी समदं कशाला पायजे? नवा गोऱ्हा औताला धरतो तवा त्याला आख्खं शेत दावतो का आमी? जुन्या बैलाच्या जोडीला जुपतो, नांगराची चार तासं फिरवतो, सोडतो. तसलं पुस्तक दावा. जुन्या बैलासारखं — पुढं पळनारं नाय, संगती चालनारं. हसा, हसा. तुमचंच दुकान हाय.

कोनाला म्हंजी? मला काय करायचंय कंपुटर? धाकटीला माझ्या. लोधिवलीस्नं येती ती एस्टीनं हितं मोहोपाड्याला, ह्या तुमच्या दुकानाच्या माळ्यावर क्लास चालतो ना, तितं. आठ जनं शिकनार आनी यंत्र एक, म्हंजी वाटनीला अर्धा अर्धा तास, बाकी समदा कारभार पुस्तकावर. घरी तिनं पुठ्ठ्यावर चौकटी काडल्यात, त्यात येबीशीडी लिवली, आनी त्याच्यावर बोटं बडवत बसती. यंत्र नाय, वीज जाती-येती, आनी ही आपली पुठ्ठा बडवतेय. शेजारचा पदू इचारतो, मोरूदादा, पोरीला काय बाहेरचं झालंय का? मी त्याला काय म्हनलो ते दुकानात सांगन्यासारखं नाय. पन शनिवारी परीक्षा हाय तिची, आनी पास व्हतील त्यातल्या दोघांना कारखान्याच्या हापिसात घेनार हायेत. आज गुरवार. तवा हसू नका, पुस्तक काडा.

पयलं पुस्तक? व्हतं की. मास्तरानं सोताचं दिलेलं, वाचून परत कर म्हनून. ते जळालं. राबात. राब म्हाईत नाय? तुमी घाटावरची मानसं — अवो, भाताचं रोप पेरायच्या आदी ती जागा भाजून घेतो आमी. शेन, टाहाळ, गवात, पालापाचोळा, समदं पसरायचं, वरनं माती टाकायची आनी वाऱ्याच्या उलट्या अंगानं पेटवायचं, म्हंजी आग धावत नाय, सावकाश चालती. तर त्या पालापाचोळ्यात गेलं. चुकून. व्हतं असं.

नाव काय मला म्हाईत, इंग्रजीत व्हतं. निळं व्हतं. कव्हर जळताना हिरवा जाळ निघत व्हता त्याचा, कडेकडेनं असा वळत — म्हंजी लांबून दिसलं मला. लांबून. दावा तुमी पुढचं. ह्यो कोन टायवाला? पानभर फोटू लावलाय सोताचा. ह्यो मानूस कवा चिखलात उतरला नाय, ह्यो काय शिकवनार? ठेवा. हे हिरवं? थांबा, मधलं पान उघडा. नाय. यात दहा-वीस-तीस नाय. हे न्हवं.

दहा-वीस-तीस म्हंजी — आता हे बी मीच सांगू तुमाला? पुस्तकं इकता का भुईमुगाच्या शेंगा? अवो, त्या पुस्तकात वळी लिवलेल्या असतात, आनी वळीच्या तोंडाशी आकडा. पयल्या वळीला दहा, मग वीस, मग तीस. मी बघितलं आनी म्हनलं, ह्यो छापनारा अडानी दिसतोय, मधले नऊ कुठं गेले? तर ती म्हनती, बाबा, मधी जागा सोडायची. मागनं काय आठवलं तर पंधरा घालता येतं, समदं खोडावं लागत नाय. आता हे मला पटलं. लावनी झाल्यावर मधलं रोप मरतं, तितं आमी दुसरं आनून लावतो — आख्खं शेत उपटत नाय कोन. म्हनलं, हे लिवनारा शेतकरी असनार. मग तिनं आनखी एक दावलं — दहाव्या वळीला काय तरी लिव, विसाव्या वळीला सांग की परत दहावर जा. मी म्हनलं, मग हे थांबनार कवा? ती म्हनली, थांबतच नाय, बटन दाबून थांबवायचं. म्हनलं, ही तर तुझी आयस. दहावर माझ्या बापाला काडती, विसावर सोताच्या नशिबाला, की परत दहावर. बटन तेवडं नाय. येसूबाईनं पळी फेकून मारली, पन पोरगी अशी हसली — भाताचं पातेलं कलंडलं हसताना.

हां, बसतो मी रोज तिच्यापाशी. मग? बापानं बसू नये काय? सांजचं ती मोठ्यानं वाचती, मी खाटेची दोरी वळतो आनी ऐकतो. तसं काय कळत नाय मला. पन पयल्या पानावर काम दिलं पायजे पुस्तकानं, एवडं कळतं. दहा पानं नुसती भाषनं ठोकली तर पोर झोपी जातं. ते निळं तसं नव्हतं. पयल्याच पानावर सोताचं नाव लिवायला लावत व्हतं.

अवो, मग जाळलंच कशाला, असं बघताय व्हय माझ्याकडं? चुकून म्हनलं ना. च्यायला, तुमी मानूस बोलत नाय काय नाय, नुसतं बघता आनी समोरच्याच्या पोटातलं बाहेर काडता. बरं, मग ऐका. रविवारी कशेळ्याची मानसं आली व्हती पोरीला बघायला. चांगली मानसं, घरचं भात, दोन बैलजोड्या. पोराच्या मामानं इचारलं, भाकरी येती का गं? तर ही म्हनती, येती, पन शनिवारनंतर, आता परीक्षा हाय. असं. तोंडावर. बायका पदर तोंडात धरून हसल्या, आनी मामा चहा अर्धा ठेवून उठला. अर्धा चहा, शेट. माझ्या घरातनं कुनी अर्धा चहा ठेवून उठलं नव्हतं आजवर. डोकं फिरलं. सकाळी राब भाजायला निघालो, पेटवायला कागद पिशवीत व्हता — व्हता पिशवीत — तरी तिच्या उशाखालचं ते काडलं. पटकन पेटत बी नव्हतं. चांगला कागद. दोनदा काडी वडावी लागली. दोनदा. म्हंजी मधी थांबायला जागा व्हती मला.

तिनं राखंत कव्हराचा तुकडा बघितला.  चार दीस झाले, जेवायला वाडती, पानी देती, बोलत नाय. रडली असती तर चार शिव्या देऊन मोकळा झालो असतो मी. सांजचं पुठ्ठा घेऊन बसती आनी बिनपुस्तकाची बोटं मारती, आठवून आठवून. मधीच अडकती. म्हनून म्हनलं, ठमी नाय बोलली तर नाय बोलली, पुस्तक आनून तर —

काय झालं? नाव ऐकून खाली काय वाकलात?

हेच. निळं. हेच की वो! मग मगासधरनं जाडी-बारकी काय दावत बसलात? राखून ठेवलंय? कोनासाठी? दावा ती चिठ्ठी. दावा, चौथी नापास हाय, पन मराठी अक्षर लागतं मला. ठ... मा. मो... रू. कर्नूक.

कवा आली व्हती? मंगळवारी. शनिवारच्या आत नेते म्हनली. बरं. आनी पयल्या पुस्तकाचं काय झालं म्हनली तुमाला?

एस्टीत इसरलं म्हनली.

मास्तरालाबी तेच सांगितलं? आनी मास्तर काय म्हनला? — समद्यांसमोर? — पुस्तक सांभाळता येत नाय ती हापिसात काय सांभाळनार, असं? आनी ही? ही काय म्हनली?

खाली मान घालून उभी म्हनता.

माझी पोरगी आजवर डोक्याची पिन इसरली नाय कुठं, शेट.

नको, कागदात नका बांधू. असंच द्या हातात. जिना कुठल्या अंगाला हाय वर जायचा? — नाय, भांडायला नाय चाललो, एस्टीत इसरलं नव्हतं एवडं मास्तराला सांगायचंय. व्हा बाजूला.