कॅल्क्युलेटरचं स्वच्छ पुस्तक

आमी मूळचे मिरजगावचेच. वडील सायकलीवर भंगार गोळा करायचे, कर्जत तालुक्यातली एकेक वाडी त्यांना तोंडपाठ, आन् मी सातवीत शाळा सोडली ती त्यांच्या मागं कॅरेजवर बसायला. लोक लतीफचाचा म्हनतात, पोरं भंगारचाचा म्हनतात, त्यात वाईट काय वाटायचं, हायच मी भंगारवाला. हायवेला दुकान हाय, मागं पत्र्याचं शेड, शेडात फळ्या, आन् फळ्यांवर दोनशेच्या वर जुने कॅल्क्युलेटर. कंपन्या आता बनवत न्हाईत असले. लाल आकडे पेटनारे हायेत, कागदाचा रोल लागनारे हायेत, नुसत्या उन्हावर चालनारे हायेत. बायको म्हनती, लोकांची अडगळ विकायची सोडून तुमी घरात आनून पुजताय. म्हनू दे.

पैला आला तो लाल आकड्यांचा. मी सेल घातले, बटन दाबलं, आन् आकडा पेटला. काय सांगू तुमाला, लोकांनी मेलं म्हनून फेकलेलं माझ्या हातात जितं झालं, मंग ते फोडायला हात कसा उचलंल. पन निम्मी बटनं कळंनात. तवा हायस्कुलात गनिताचे एक सर हुते, आमच्या दुकानामागच्या आळीत राहायचे, त्यांच्याकडं गेलो. सरांनी हातातला चहा तसाच ठिवला आन् एकेक बटन समजावलं. शेवटाला म्हनले, लतीफ, याचं पुस्तक कुठाय. म्हनलं कसलं पुस्तक. म्हनले अरे कंपनी देती ना संगं, म्यानुअल, कसं चालवायचं ते लिहिलेलं असतं, ते न्हाई तर तुझं यंत्र अर्धंच हाय.

झालं, तिथनं दुसरी खोड लागली. यंत्र मिळतं हो, म्यानुअल मिळत न्हाई, कारन लोक डबा उघडला की पुस्तक आधी भिरकावतात. नगरच्या स्टेशनरीवाल्यांच्या माळ्यांवर चढलो, नेवाशाला गेलो, एकदा तर एका पुस्तकासाठी पार राजूरपत्तुर गेल्तो, ते बी उंदरानं खाल्लेलं निघालं. आन् पुस्तक पाहिजे कसं, तर स्वच्छ. डाग नको, दुमडलेलं नको, पेनाची रेघ नको. माझ्यासारखे येडे अजून हायेत, कोल्हापूरला एक हाय, तो फोनवर नमस्कार न्हाई चमत्कार न्हाई, पैलं विचारतो, लतीफभाई, कोरं हाय का. कोरं असलं की माझी मान ताठ. तेवढीच काय ती माझी शान.

मंग सर वारले. अचानकच गेले. सरांच्या बाई मुलीकडं पुन्याला राहायला निघाल्या, त्यांनी मला बोलावलं, म्हनल्या चाचा, तुमची त्यांची दोस्ती हुती, हे खोकं तुमीच न्या. खोक्यात सरांचा सोताचा कॅल्क्युलेटर, आन् खाली त्याचं म्यानुअल. ते म्यानुअल मी सा वर्सं हुडकत हुतो, आन् सरांनी घरात असून कधी दाखवलं न्हाई. उघडलं तर पानापानावर पेन्सिलीनं लिहिलेलं, इंग्रजी ओळीखाली मराठी ओळ. अक्षर सरांचं, मी वळखलं, वळखलं न्हाई असं आता म्हननार न्हाई. पन मला त्या वक्ताला वाटलं काय, तर एवढा शिकलेला मानूस आन् चांगल्या पुस्तकाची पार वाट लावून ठिवली.

आन् मी खोडरबर आनलं. हे बायकोशिवाय आजपत्तुर कुनाला सांगितलं न्हाई. दुपारी गिऱ्हाईक नसतं, तवा बसून एकेक ओळ खोडली. खोडायची म्हंजी डोळ्याम्होरं धरायची, धरली की वाचली जातीच. पैल्या पानावर हुतं, सुनू, हे मशीन तुझ्यापेक्षा हुशार नाही, घाबरू नको. खोडलं. त्याखाली, चुकलं तर लाल बटण दाब, तेवढाच आकडा जातो, आधीचं सगळं तसंच राहतं. ते बी खोडलं. कंपनीनं जिथं नुसते आकडे दिलेले तिथं सरांनी पेरू घातलेले, सुनूने बारा पेरू आणले, त्यातले तीन पप्पांनी न विचारता खाल्ले. चार पानं साफ केली, पाचव्याला कागद फाटला, तवा वैतागून ठिवून दिलं. म्होरल्या महिन्यात नगरला एका माळ्यावर तेच म्यानुअल कोरं गावलं, पिशवी बी न फोडलेली. मंग जुनं कशाला पाहिजे. टाकलं रद्दीत, गाडी आली, घेऊन गेली.

दिवाळी झाल्यावर सरांची मुलगी आली, सुनेत्रा, तीच सुनू. म्हनली चाचा, मला सातवीत इंग्रजी जमत नव्हतं, म्हणून पप्पांनी सगळं पुस्तक माझ्यासाठी मराठीत केलं होतं, कॅल्क्युलेटर राहू दे तुमच्याकडे, तेवढं पुस्तक द्या. मी आत गेलो आन् कोरं आनून दिलं. का दिलं, काय मेंदूत आलं, अल्ला जाने. तिनं पैल्यापासून शेवटपत्तुर पानं उलटली, परत उलटली, आन् म्हनली, खूप छान ठेवलंय चाचा. एवढंच. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मी म्हनलं, ते दुसरं चुकून रद्दीत गेलं. चुकून म्हनलो मी. तिच्याम्होरंच रद्दीवाल्याला फोन लावला, तो म्हनला चाचा, त्याचा कवाच लगदा झाला.

तिनं विचारलं, तुम्ही उघडून पाहिलं होतं का, काही आठवतंय का. न आठवून कसं चालंल. मी सांगत गेलो, तिनं माझ्याकडनं पेन्सिल मागून घेतली आन् त्या कोऱ्या पुस्तकात त्या त्या ओळीखाली लिहीत गेली. पेरूला हसली, आन् मंग रडली. म्हनली, किती मन लावून वाचलंत हो चाचा पप्पांचं. व्हय म्हनलो. मंग म्हनली, आणि पुढे? आता पुढचं मी कुठनं आनू. पुढचं खोडलंच न्हाई, म्हनून वाचलंच न्हाई. म्हनलं, ताई, तेवढं ध्यानात ऱ्हायलं न्हाई. ती म्हनली असू दे, एवढं मिळालं हेच खूप.

आता दर ईदेला तिचा फोन येतो, चाचा तब्येत कशी, आई विचारतीय. बायको फोन माझ्या कानाला लावती आन् डोळ्यानं खुनावती, सांगून टाका. मला न्हाई जमत. लिहिलेलं पुस्तक हाती आलं की आता मी ते आधी वाचतो, पन त्यानं सरांचं परत येनार न्हाई. तुमी कॅल्क्युलेटरवर लिहायला आलाय, मला ठावं हाय, पन रबराचं बी लिहा, गाळू नका. आन् छापायच्या आधी तिला वाचायला द्या, मी नंबर देतो. ती नको म्हनली तर छापू नका. आन् म्होरल्या ईदेला तिचा फोन आला न्हाई तर मी समजून घेईन. अल्ला तिला सुखात ठिवो.