हातावरची लावणी

सत्त्याण्णव साली घाटकोपरच्या एका दवाखान्यात माझ्या शेजारी बापलेक बसले होते. साकीनाक्याच्या भट्टीवर बापाचा हात भाजलेला. त्यावर त्याच्याच मांडीची कातडी लावली होती. आज पट्टी सुटणार होती.

"अनू, मांडीच्या कातडीला कळतं कसं गो, आता आपण हातावर आलो ते?"

"तिच्यातल्या पेशी खाली चाचपतात, आप्पा. धरायला काही मिळालं की आत निरोप जातो, जगा म्हणून. कॉलेजात यंदाच शिकवलं."

"आणि नाही मिळालं तर?"

"मरतात. सुट्या राहिल्या तर जगत नाहीत."

"म्हणजे भातासारखंच. चिखल धरला तर रोप हिरवं."

"हो ना, अगदी तस्संच!"

"लावणीनंतर आमची आई एखादं रोप हळूच ओढून बघायची. धरलंय का ते."

"आप्पा."

"काय?"

"तुम्ही पट्टीत बोट घातलंत?"

"कडेनं जरासं. अगदी हळू ओढली."

"वाट लावलीत! सुटली?"

"सुटते कसली! मी ओढली, तर तिनं मलाच आत ओढलं गो."