अँटोफगास्ताला कोण जाणार

तुम्हाला सांगते, मी नोकरी करते हे सासरी सगळ्यांना माहीत आहे, फक्त लक्षात राहत नाही. चिलीतल्या अँटोफगास्ताला वर्षभर जायचं की नाही, हे सोमवारी ऑफिसात कळवायचं होतं. नेमके वारज्याहून काकेसासरे आले. बातमी ऐकताच माझ्या नवऱ्याला म्हणाले, "पूर्वी बोलिव्हियाचं होतं ते. खत-दारूगोळ्याच्या सोऱ्यासाठी चिलीने लढून घेतलं. आता तांब्याच्या खाणी, मोठं बंदर, पैसाच पैसा. पावसाची कटकट नाही. डोळे मिटून हो म्हण."

"काका, मी नाही, ही जाणार आहे."

काकांनी चहाचा कप खाली ठेवला. "अगं, वाळवंट आहे ते. समुद्राचं पाणी गोडं करून पितात. बाईमाणसाने कशाला जायचं?"

म्हटलं, "काका, एक घोट आधीपर्यंत तर ते बंदर होतं."