बाबांनी शिवलेला रॅप ड्रेस

...हसा, हसा तुम्ही! हसायला काय जातंय तुमचं! पण मला एक सांगा, अस्तर लावलेला ड्रेस चारी बाजूंनी शिवून टाकायचा नसतो, उलटवून बाहेर काढायला कुठेतरी वीतभर वाट ठेवायची असते, हे काय माणूस जन्मतः शिकून येतो? तुम्हाला होतं माहीत? नव्हतं ना? मग मलाच कसं असणार! मी पाणीपुरवठा खात्यातला ड्राफ्ट्समन. बत्तीस वर्षं नळांचे नकाशे काढतोय. नळ म्हटला की त्याला दोन तोंडं असतातच, आठवणीने ठेवावी लागत नाहीत...

जाऊ द्या, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, हा माणूस ड्रेस शिवायला बसलाच कशाला. बसलो नव्हतो हो! बसवला गेलो. आणि बसवलं कोणी? माझ्याच तोंडाने!

झालं असं, की आमच्या मुलीचं पहिलं गाणं होतं. पहिलं म्हणजे, गाते ती लहानपणापासून, आंघोळीला गेली की अख्खा मजला ऐकतो, पण हे तिकीट लावून, तीनशे खुर्च्यांच्या सभागृहात, एकटीचं. आणि तिची आई तिला त्यासाठी ड्रेस शिवणार होती. गडद हिरवं, पाण्यासारखं सुळसुळीत कापड, आत अस्तर. रॅप ड्रेस. म्हणजे काय, तर बटण नाही, चेन नाही, एक बाजू दुसरीवर घ्यायची, पट्टा कमरेभोवती फिरवायचा आणि गाठ मारायची. बस! सगळी अब्रू एका गाठीवर! आणि कार्यक्रमाला बारा दिवस राहिले असताना तेच कापड कपाटावरून काढायला आमची ही स्टुलावर चढली, स्टूल एकीकडे, ही एकीकडे, आणि उजवं मनगट तिसरीकडे. सहा आठवडे प्लास्टर!

मी धावत कोपऱ्यावरच्या टेलरकडे गेलो. त्याच्या तोंडात टाचण्या. त्या न काढताच म्हणतो कसा, "हस्तराचा? ह्या महिन्यात न्हाई ज्यमणार, शाहेब." मी म्हटलं, "अहो, मुलीचं गाणं आहे." तर म्हणे, "म्हग गाऊ द्या की!"

घरी आलो. मुलगी आईच्या उशाशी बसली होती. म्हणाली, "असू दे गं आई, मी जुना निळा घालीन." आणि तुम्हाला सांगतो, ते 'असू दे' ती इतक्या हळू म्हणाली ना... ओरडली असती, आदळआपट केली असती, तर मी आपला शांतपणे पेपर वाचत बसलो असतो. पण ते हळू 'असू दे' माझ्या कानात गेलं आणि तोंडातून बाहेर काय आलं? "मी शिवतो! त्यात काय एवढं!"

दोघींनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू घरच्या नळाला पाण्याऐवजी दूध यायला लागलंय. आनंद नाही हो, संशय! पण मी एकदा सुटलो की सुटलो. म्हटलं, "सरळ रेषा आणि वळणं! जन्मभर दुसरं केलंय काय मी? आणि गुंडाळायचाच आहे ना शेवटी? अगं, आमच्या खात्यात अख्ख्या योजना गुंडाळल्यात, एक ड्रेस नाही गुंडाळता येणार?"

"मापं?" मी ऐटीत विचारलं. ही म्हणाली, "मशीनच्या खणात वही आहे."

आता त्या वहीचं सांगतो. जुनी, कोपरे मुडपलेली वही. पहिल्या पानावर 'एक वर्ष' असं लिहून पोरीची छाती, उंची, दंडाचा घेर. पुढच्या पानावर दोन वर्षं. मग तीन. प्रत्येक वर्षाचं एक पान! मध्येच शेरे: 'यंदा एकदम चार इंच वाढली.' 'डावा खांदा जरासा उतरता, दप्तर बदलणे.' 'चौदा पूर्ण. गळा कसा हवा ते आता आपण ठरवणार म्हणते.' असं करत सव्वीसपर्यंत. मी उभ्याउभ्या वाचत होतो, मग खाली बसून वाचायला लागलो. मला शहरातल्या कुठल्याही गल्लीतल्या नळाचा व्यास झोपेतून उठवून विचारा, सांगतो. पण माझ्या मुलीचा खांदा साडेचौदा इंच आहे, हे मला त्या दिवशी कळलं. सव्विसाव्या वर्षी! म्हणजे तिच्या.

तर, वही मांडीवर घेऊन मी नकाशा काढला. काय नकाशा होता महाराजा! फूटपट्टी, कंपास, टोकदार पेन्सिल, कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाणसुद्धा. हिने पाहिला आणि विचारलं, "छान आहे हो. माया किती ठेवलीत?"

मला जरा भरूनच आलं. म्हटलं, "अगं, मुलगी आहे माझी, माया काय मोजून ठेवायची?"

"कापडात हो, कापडात! शिवणीच्या बाहेर बोटभर जास्तीचं कापड सोडतात, त्याला माया म्हणतात. तुम्ही काढलाय तो शिवला तर पोरीला श्वास घेता येणार नाही. आणि तिला गायचंय!"

बोटभर माया वाढवली सगळीकडून. त्यात काय एवढं!

मग कापायला घेतलं. आता ते कापड... कापड कसलं, मासळी! इकडून धरलं की तिकडून निसटतं. मी त्याच्यावर शब्दकोश ठेवले, इस्त्री ठेवली, शेवटी एका टोकावर स्वतः बसलो आणि कापलं. पाठ कापली. पुढचा भाग कापला. आता पुढच्या भागाला बाजू दोन, म्हणून त्याच कागदावरून तस्साच दुसरा कापला. एक रेष इकडची तिकडे नाही! दोन्ही नेऊन हिच्यासमोर अंथरले. ही बघत राहिली.

"हा डावा," ती म्हणाली. "आणि हा... हाही डावाच."

"मग दुसरा पालथा घालू की!"

"पालथा घातला की चकचकीत बाजू आत जाते."

म्हणजे मी पोटच्या पोरीला दोन डाव्या बाजू दिल्या होत्या! घाम फुटला मला. तेवढंच कापड, दुकानात तो तागा संपलेला. तर ही शांतपणे म्हणते, "पिशवीच्या तळाशी बघा. दीड मीटर जास्तीचं घेतलंय."

"ते कशाला?"

"कोणीतरी चुकतं ना."

त्या 'कोणीतरी'मध्ये किती मोठेपणा होता सांगू! पण मला तेव्हा कुठला कळायला. मी म्हटलं, "मग झालं तर! त्यात काय एवढं!"

मशीनवर बसलो. ही शेजारी खुर्चीत, प्लास्टरचा हात गळ्यात, डावा हात मोकळा, चौकातल्या वाहतूक पोलिसासारखी. "सावकाश... सावकाश... थांबा! पाय खाली घ्या!" मी पाय खाली घेतले. खडखडखडखड... खाली दोऱ्याचं घरटं! "अहो, पाय खाली घ्या म्हटलं ना!" मी म्हटलं, "अगं, दोन्ही पाय खालीच आहेत, आता काय जमिनीत पुरू?" "तुमचे नव्हे हो! मशीनचा! सुईजवळचा तो पाय, कापड दाबायचा!" आता मशीनलाही पाय असतो, सुईला नाक असतं, दाताची पट्टी असते, हे मला सांगायला नको? मी शिवायला बसलो होतो, डॉक्टरकीला नव्हे!

पण शिकलो हो. आठव्या दिवशी तर माझी टीप अशी पळायला लागली की मलाच माझं कौतुक. ही जरा आडवी झाली होती, म्हणाली होती, "अस्तर मी उठल्यावर लावू." मी म्हटलं, तोवर कशाला थांबायचं? कापडाची सुलट बाजू अस्तराच्या सुलट बाजूला लावली, एवढं तिच्या बोलण्यात ऐकलेलं होतं, आणि निघालो. गळ्यावरून खाली, खालून घेर, घेरावरून वर, खांदे, बाह्यांचे मुंढे, काही म्हणता काही सोडलं नाही. शेवटचा टाका घातला, दोरा कापला आणि ओरडलो, "झाला!"

ही डोळे चोळत आली. "अरे वा. आता उलटवा."

मी उलटवायला तोंड शोधू लागलो. खालची कड चाचपली. डावी कड चाचपली. उजवी. गळा. ड्रेसला चार प्रदक्षिणा घातल्या. कुठे वाटच नाही! चकचकीत हिरवा ड्रेस आत, आणि बाहेर नुसती उलटी बाजू. आत कोंडलाय बिचारा! मी ड्रेस नव्हता शिवला, मी माणसाच्या आकाराची उशी शिवली होती!

ही हसायला लागली. हसली म्हणजे किती? प्लास्टरचा हात पोटाशी धरून, डोळ्यांतून पाणी, आवाज बंद, नुसते खांदे हलतायत. समोरच्या घरातल्या काकू दार वाजवून विचारायला आल्या, "फार दुखतंय का हो त्यांना?" आणि तुम्हाला सांगतो, पडल्यापासून पहिल्यांदा हसत होती ती. मला राग यायला हवा होता. आला नाही. मी म्हटलं, हस बाई. उसवू. त्यात काय... पुढचं नाही आलं तोंडात.

अख्खा रविवार उसवलं. शिवायला अर्धा तास, उसवायला सहा! एकेक टाका म्हणजे माझ्या बढाईचा एकेक शब्द, तो सुईच्या टोकाने उचकटायचा. ही शेजारी बसून सांगत होती, हळू, ओढू नका, कापड दुखावतं. इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही दोघं एका खोलीत टीव्ही न लावता सहा तास बसलो नव्हतो. मग कडेला वीतभर वाट सोडून पुन्हा शिवलं, आणि त्या भोकातून ड्रेस ओढायला लागलो... आणि तो आला हो! सुळसुळत, हिरवागार, इंचाइंचाने! मी खात्यात मोठमोठ्या योजनांचं पाणी आलेलं पाहिलंय, पण असा आनंद नाही झाला.

कार्यक्रमाचा दिवस. सहाला गाणं, चारला मुलगी ड्रेस घालून आरशासमोर. मी दाराशी. खांदा साडेचौदा, चोख! गळा चोख! आणि ती म्हणते, "बाबा, हा आतला पट्टा बाहेर कुठून काढायचा?"

"म्हणजे?"

"म्हणजे आतल्या बाजूचा पट्टा कुशीतून बाहेर येऊन मागून फिरतो ना. त्याला भोक कुठे आहे?"

भोक! पुन्हा भोक! दिवसभर नळजोडण्यांच्या अर्जांवर 'छिद्र मंजूर' असे शिक्के पाहणारा माणूस मी, आणि माझ्याच घरात मी एक भोक पाडायला विसरावं? पोरगी अंगात ड्रेस घालून उभी, मी गुडघ्यावर, हातात उसवायचा आकडा. ही म्हणाली, "कमरेशी. शिवणीवर. चार टाके, पाचवा नको." मुलगी म्हणाली, "बाबा, श्वास घेऊ का?" मी म्हटलं, "घेऊ नकोस! माया बोटभरच आहे!" एक... दोन... तीन... चार. पट्टा बाहेर आला. फिरला. गाठ बसली. मुलीने स्वतःभोवती एक गिरकी घेतली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला, मी अजून गुडघ्यावरच होतो ना. मग ही म्हणाली, "तुम्ही जा, टॅक्सी बघा," म्हणून मी धावलो.

सभागृहात आम्ही तिसऱ्या रांगेत. पोरगी आली, टाळ्या झाल्या, आणि स्टेजच्या कडेला कोणा शहाण्याने तिला उकडू नये म्हणून पंखा लावला! भला मोठा, उभा पंखा! तिने पहिला सूर लावला आणि ड्रेसचा घेर फडफडला. लोक गाणं ऐकत होते, मी गाठ बघत होतो. ती वरच्या सुरात गेली, श्वास भरला, छाती फुगली, मी खुर्चीचे हात धरले. तीनशे लोक 'वा' म्हणाले तेव्हा मी 'सुटू नकोस, सुटू नकोस' म्हणत होतो. काय गायली ती, मला विचारू नका. दीड तासात मी एक सूर ऐकला नाही. पण गाठ हलली नाही! वाऱ्यात, सुरात, वाकून नमस्कार करताना, एक इंच हलली नाही!

अशी छाती फुगली माझी! शेजारच्या बाई म्हणाल्या, "तुमची मुलगी का? ड्रेस किती अंगासरसा बसलाय हो!" मी म्हटलं, "मीच शिवलाय," आणि वर, विचारलं नसताना, "अस्तरासकट!"

कार्यक्रम संपल्यावर आम्ही आतल्या खोलीत गेलो. मुलगी पडद्यामागे कपडे बदलायला गेली. आणि आतून आवाज यायला लागला. टिंग. टिंग टिंग. टिंग. मी म्हटलं, "काय गं, काय पडतंय?"

पडद्यातून हात आला. तळहातावर सेफ्टी पिना. चौदा. मोजल्या मी.

मी टॅक्सी बघायला गेलो होतो ना, तेवढ्यात हिने लावल्या होत्या. आतून, अस्तराला. गाठीखाली पाच, छातीशी चार, बाकीच्या घेराला. बाहेरून एक दिसली नाही. तीनशे लोकांना नाही, मलाही नाही, आणि मी तर दीड तास दुसरं काही बघितलंच नव्हतं!

मी हिच्याकडे पाहिलं. ही छताकडे बघत होती. म्हणजे त्या अख्ख्या ड्रेसमधलं एकमेव पक्कं काम तिचं होतं... आणि तेही डाव्या हाताने! मी आपला हिच्या पर्समधून पिनांची डबी काढली आणि त्या चौदा पिना परत टाकायला तिच्यापुढे उघडून धरली.