कड्यावरचा बलूत

(पेशावरपलीकडच्या कुनरच्या डोंगरातली एक वस्ती. बर्फ पडून पाच दिवस झालेत. विधवा मरवारीच्या दारात तिचा धाकटा दीर नूरगुल उभा आहे.)

नूरगुल : ...जास्त नाही मागत वहिनी, दोनच भारे पाला दे. चार दिवस झाले, माझ्या शेळ्यांच्या तोंडात काही नाही.

मरवारी : मग जा की तुझ्या बलुताच्या झाडांकडे. चांगले सात बुंधे होते.

नूरगुल : माहीत असून विचारतेस.

मरवारी : तुझ्या तोंडून ऐकायचंय.

नूरगुल : तोडले. कोळशाच्या भट्टीवाल्याला दिले. झालं समाधान?

मरवारी : त्यातले चार तुझ्या भावाचे होते. सखीदाद गेल्यावरचा चाळिसावा दिवस होईपर्यंतही दम निघाला नाही तुला. गावपंचांच्या जिरग्यात उभा राहून म्हणालास, हिला मुलगा नाही, पोरीला झाडं कशाला?

नूरगुल : रिवाज मी नाही काढला.

मरवारी : कुऱ्हाड तर तूच काढलीस! नुसत्या फांद्या छाटल्या असत्यास, तर तिसऱ्या वर्षी पुन्हा पाला आला असता. बुंधेच आडवे केलेस. या कोरड्या डोंगरात बलुताचा बुंधा मनगटाएवढा व्हायला माणूस म्हातारा होतो रे.

नूरगुल : शेळ्या विकून पेशावरला जाणार होतो, पाला लागणारच नव्हता. बर्फानं घाट बंद झाला. चुकलं माझं. आता काय पाय धरू?

मरवारी : पाय नको धरूस. एवढंच सांग, कड्यावरचं ते एक झाड मला का ठेवलंत?

नूरगुल : तिथे कुणी चढत नाही म्हणून.

मरवारी : मी चढते.

नूरगुल : ऐकलंय. गाव हसतं, बाईमाणूस झाडावर म्हणून.

मरवारी : हसता हसता कुणी एखादा भारा आणून टाकला असता, तर कशाला चढले असते? हे हात बघ. पानांच्या काट्यांनी नुसती चाळण झालीय. पण माझ्या पोरीची, पलवशाची, एक शेळी मेली नाही.

नूरगुल : माझी काल दोन करडं गेली.

मरवारी : ...किती राहिल्यात?

नूरगुल : नऊ.

मरवारी : कोयता खुंटीला आहे, दोर तिथेच खाली. जा, हवा तेवढा पाला काढ.

नूरगुल : मी? त्या झाडावर नाही चढवत मला. तिथे गेलं की सखीदादच दिसतो.

मरवारी : आणि मला कोण दिसत असेल? त्या झाडावरून पडला त्या दिवशी सकाळी तो तुझ्या दाराशी आला होता. दोर धरायला चल म्हणाला. काय म्हणालास तू?

नूरगुल : ...चहा पिऊन येतो म्हणालो. तुला कुणी सांगितलं?

मरवारी : त्यानंच. पडल्यावर दुपारपर्यंत शुद्धीत होता.

नूरगुल : आणि इतके महिने बोलली नाहीस? जिरग्यातसुद्धा?

मरवारी : बोलून काय, तो उठून बसणार होता? सासरचं म्हणावं असं एकच माणूस उरलंय मला, आणि तेही असलं. चल, सरक. कोयता मी घेते. मी चढेन, तू खाली दोर धर.

नूरगुल : धरतो.

मरवारी : दोन्ही हातांनी धर.